विक्का की ड्रुइड मार्ग? चर्चबाहेर पडलेल्या माणसाने काय निवडावं

चर्चमधून मन उठलं, पण देवासमोर आणि सृष्टीसमोर हात जोडायची ओढ काही गेली नाही. असं झालेल्या माणसाला इंग्लंडात दोन वाटा हमखास दिसतात, विक्का (चेटूकपरंपरेच्या नावाने चालणारा आधुनिक निसर्गपूजक धर्म) आणि ड्रुइड मार्ग (प्राचीन केल्ट लोकांच्या पुरोहितांच्या, म्हणजे ड्रुइडांच्या, नावाने चालणारा). मी दोन्हींकडे वावरलो आणि एकीकडे रमलो. त्यामुळे माझा कल लपणार नाही, तेवढं गृहीत धरून वाचा.

यातलं जास्त प्राचीन कोणतं, हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. आजचा विक्का जेराल्ड गार्डनर यांनी घडवला आणि १९५१ साली चेटूकविरोधी कायदा रद्द झाल्यावर तो उघडपणे लोकांसमोर आला. आजच्या ड्रुइडांचे बरेच मंत्र-विधी इओलो मॉर्गनवग या वेल्श कवीने रचले. १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर त्याने पहिला समारंभ भरवला. स्टोनहेंज हे दगडांचं वर्तुळही प्राचीन ड्रुइडांनी बांधलेलं नाही, ते त्यांच्या कितीतरी आधीचं. वर्षाचे आठ सण तर दोघांचे तेच आहेत, कारण गार्डनर आणि १९६४ साली ड्रुइडांचा मोठा संघ स्थापणारे रॉस निकोल्स हे मित्रच होते.

विधीची उत्कटता मला विक्कामध्ये जास्त जाणवली. वर्तुळ आखायचं, चार दिशांना आवाहन करायचं, आणि देवाइतकाच, कधी अधिकच, मान देवीला. मारियामातेच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) करत वाढलेल्या माणसाला हे फार जवळचं वाटतं. ड्रुइडांकडे त्या मानाने बोलणं जास्त. शिक्षणही बरंचसं टपालाने येणाऱ्या धड्यांतून, त्यामुळे दोन सणांच्या मधले आठवडे माणूस एकटाच असतो.

तरी मला विक्का सोडावासा वाटला तो गुप्ततेमुळे. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेशिवाय आत प्रवेश नाही. दीक्षेआधी साधारण एक वर्ष आणि एक दिवस थांबायचं, मंडळ दहा-बारा जणांचं, आणि आतलं बाहेर न सांगण्याची शपथ. 'चेटकीण' या शतकानुशतकं छळाची भीती बाळगलेल्या शब्दाभोवती हे कुंपण का उभं राहिलं ते मला कळतं. पण मी अजून उंबरठ्यावरच होतो, आणि पौर्णिमेच्या रात्री घरी परतल्यावर बायकोने "काय झालं आज?" असं विचारलं की मला गप्प बसावं लागे. तिला सोबत नेणंही शक्य नव्हतं. आमच्या वसईत सण म्हणजे अख्खी आळी. मिस्सा संपली की म्हातारी माणसं, पोरं, पाहुणे सगळे अंगणात. घरच्यांना दाराबाहेर ठेवून केलेली भक्ती मला पेलवेना.

ड्रुइडांचा विधी भर दिवसा, टेकडीवर, सूर्याच्या साक्षीने. आमच्या गटात मुलं येतात, कुत्री येतात, काहीच न मानणारे शेजारीही गोलात उभे राहतात. शेवटी पाव आणि मधाची दारू सगळ्यांत फिरते. इओलोच्या प्रार्थनेत आरंभी देवाला हाक आहे. तिथे कुणी देवी म्हणतं, कुणी आत्मा. मी "हे परमेश्वरा" म्हणतो, आणि येशूला सोडलंस का, असं कुणी विचारत नाही. ऑगस्टच्या आरंभी लुनासा या सुगीच्या सणाला नव्या धान्याचा पाव येतो, तेव्हा माझ्या गोव्याच्या बायकोला कणसांचं फेस्त आठवतं. तिथे त्याच महिन्यात भाताची नवी कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात.

"हा कुठला पंथ बाबा?" असं घरच्यांनी विचारलं तर सांगायला एक गोष्ट आहे. इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनने २०१० साली ड्रुइड नेटवर्क या संस्थेची धर्मादाय म्हणून नोंद केली आणि ड्रुइड मार्गाला धर्म मानलं.

तुमचा पिंड एकांताचा असेल, साधना रात्रीची आणि मोजक्या माणसांतली हवी असेल, तर विक्का तुम्हाला कदाचित अधिक देईल. मंडळाशिवाय एकट्याने करणारेही पुष्कळ आहेत. पण घरदार असेल, तर मी आधी ड्रुइडांकडे जा म्हणेन. धड्यांचे पैसे भरण्याआधी जवळच्या गटाचा एखादा खुला सण बघा. बेल्टेनचा, १ मेच्या सुमाराचा, सगळ्यात सोपा, कारण तेव्हा हवाही बरी असते. घरच्यांना घेऊन जा आणि परतताना गाडीत त्यांना काय वाटलं ते विचारा.