पुरात निघायचं तर मोटारसायकल की चारचाकी?

३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हापासून आमच्या घरी हा वाद चालू आहे.

आबांचा कौल मोटारसायकलला. खरंय, चिखलात फसली तर दोघांनी ओढून काढता येते, दोन लिटर पेट्रोलात तालुका गाठते. सीटखाली स्पार्क प्लग, पान्हा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा-आधारच्या झेरॉक्स, एवढं पुरतं. पण माय आणि दोन लेकरं बसवायची कुठं?

चारचाकीत सगळे मावतात. वीस लिटरचा पाण्याचा जार, गोळ्या-औषधं, शेंगदाणे-गूळ, दोरखंड, टॉर्च, कोरडे कपडे. मात्र तिच्यामुळे माणूस उगाच धीट होतो. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. फरशीपूल बुडाला की मागे फिरायचं, वाद नको.

काच फोडायची हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी हवी. माझी दोन वर्षं स्टेपनीखाली पडून होती! पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे आत प्लॅस्टिकचा थर असलेली, ती फोडून बाहेर पडता येत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घाव घालायचा. सीटबेल्टचा पट्टा अडकला तर कापायला ब्लेडही तिथंच.

माझं मत चारचाकीला, पण पाणी गल्लीत यायच्या आत निघणार असाल तरच. गुरं सोडून मागाहून येणाऱ्या आबांसाठी मोटारसायकल ओट्यावर चढवून ठेवतो, टाकी भरून.