आप्पांचा अंगठा सहा वेळा लावला आणि ५७,५०० रुपये गेले

लिहू की नको असं करत दोन महिने गेले. लाज वाटते म्हणून नाही, म्हणजे लाजच वाटते, खोटं कशाला बोलू. मी बी.कॉम. आहे, दिवसभर दुसऱ्यांचे हिशोब लिहिते, "ओटीपी कोणालाही देऊ नका" हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकत असते. आणि ओटीपी मी दिलाच नाही हो. तो लागलाच नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील, वय ७६, रेल्वेतून रिटायर, भुसावळला असतात. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये पडले, अर्धांगवायूचा झटका, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बावीस दिवस जळगावला दवाखान्यात, बिल २,८६,०००, ते मी आणि सुरतेच्या भावाने मिळून भरलं, मग नाकात नळी घालून घरी आणलं. बघायला मावशी ठेवल्या त्यांचे महिन्याला १४,०००, डायपर, नळीतून द्यायची पावडर, फिजिओवाला, सगळं वेगळं. आणि आप्पांची स्वतःची ४ लाखांची एफडी बँकेत पडून. खातं एकट्याच्या नावावर. आई होती तोवर जॉइंट होतं, ती गेल्यावर तिचं नाव कमी केलं आणि दुसरं घालायचं राहून गेलं. घाला बाबांनो, आजच घाला, आईवडील चालते-बोलते असतानाच घाला. भाऊ नॉमिनी आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, नॉमिनीचं काम नंतर असतं." नंतर म्हणजे कधी ते त्याला बोलवेना आणि मला ऐकवेना.

एफडी मोडायला खातेदाराची सही पाहिजे. सही होत नाही. मग कोर्टाचा कागद आणा. एवढं सांगून त्याने पुढचा टोकन नंबर पुकारला.

तोपर्यंत मी आप्पांचं एटीएम कार्ड वापरत होते हेही सांगून टाकते. पिन त्यांच्या डायरीत होता. पेन्शन जमा झाली की काढायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. हे नियमात बसत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, पण घरात आजारी माणूस असला की नियम कोण बघत बसतं, तुम्ही बघितला असता का?

बँकेच्या शेजारीच झेरॉक्सचं दुकान आहे. आधार, पॅन, पासबुकाच्या झेरॉक्स काढत मी भावाशी फोनवर हेच सगळं बोलत होते, जोरात. शेजारी एक मुलगा उभा होता, तिशीचा असेल, गळ्यात आयकार्ड. "ताई, काका बेडरिडन आहेत का? मी घरी येऊन करतो सगळं. नोव्हेंबर आहे, हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबेल, माहितीये ना?" हे मला माहीत होतं आणि त्याचंच टेन्शन होतं. मुखत्यारपत्र पण करून देतो म्हणाला, "आता १०० चा स्टॅम्प बंद झालाय, ५०० चाच लागतो, नोटरी माझ्या ओळखीचे आहेत." स्टॅम्पचं खरंच तेव्हा नुकतंच बदललेलं, पेपरात आलेलं, त्यामुळे मला वाटलं माणूस जाणकार आहे. सगळ्याचे मिळून ७,५०० ठरले. ५,००० तिथेच रोख दिले. पावती मागितली नाही.

८ नोव्हेंबरला आला. मोबाईलला वायरने जोडलेलं अंगठ्याचं छोटं मशीन. पेन्शन कुठल्या बँकेत येते विचारलं, दाखल्याला ते लागतंच म्हणून मी सांगितलं, आधार नंबर मीच वाचून दाखवला. आप्पांचा उजवा हात लुळा, जिथे ठेवू तिथे राहतो, तो मी धरला आणि अंगठा मशीनवर टेकवला. लाल लाईट लागली. "फेल झालं ताई, म्हाताऱ्या माणसांच्या रेषा येत नाहीत, परत लावा." मी ओल्या फडक्याने अंगठा पुसला. परत लावला. परत फेल. आप्पांचा फोन औषधांच्या स्टीलच्या डब्यावर ठेवलेला, तो प्रत्येक वेळी घुर्र घुर्र वाजत होता. डब्यामुळे आवाज मोठा यायचा. मी मावशींना म्हटलं, तो फोन आधी बंद करा, आप्पांना त्रास होतोय.

मीच म्हटलं असं. त्या फोनवर दिवसभर लोनचे, रमीचे मेसेज येतात, मला काय स्वप्न पडलं होतं?

आणि तिसऱ्यांदा आप्पांनी डाव्या हाताने त्या पोराचं मनगट धरलं. घट्ट धरलं. तोंडातून आवाज काढत होते, डोळे माझ्याकडे. मी काय केलं असेल? त्यांची बोटं एक एक करून सोडवली आणि रागावले, "आप्पा, तुमच्यासाठीच चाललंय ना हे, जरा गप्प पडा." चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस, त्याला कळलं होतं. मला जे वेळेवर कळायला हवं होतं ते त्यांना अंथरुणात पडून कळलं होतं आणि मी त्यांना गप्प केलं. पैशांचं दुःख एकवेळ पचेल.

त्या दिवशी खात्यातून गेले १०,०००, १०,००० आणि ८,०००. म्हणजे २८,०००. मग १३ तारखेला मुखत्यारपत्र घेऊन आला, "याला पण बायोमेट्रिक लागतं," परत तीन वेळा. १०,०००, १०,०००, ९,५००. वर माझ्याकडून राहिलेले २,५०० घेतले आणि मावशींनी केलेला चहा पिऊन गेला. एकूण गेले ६५,०००.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, याला एईपीएस म्हणतात, आधारवरून बँकेतले पैसे काढायची सोय. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, बस्स. कार्ड नाही, पिन नाही. गावोगावी लोक असेच पैसे काढतात, सोय चांगली आहे, पण आधार लिंक असलं की बहुतेक खात्यांना ती चालू असते आणि आपल्याला पत्ताही नसतो. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं. आत्ता उठा आणि घरातल्या म्हाताऱ्यांचं करून टाका, त्यांचा आधारला जोडलेला मोबाईल चालू आहे का तेही बघा.

१८ तारखेला मावशींचा पगार काढायला एटीएमला गेले तर बॅलन्स ३,१४०. पहिल्यांदा वाटलं भावाने काढले. त्याला फोन केला. त्याला वाटलं मी काढले. अजूनही त्याला थोडं तसंच वाटतं, तो बोलत नाही पण "ताई, वहीचे फोटो टाक ना" म्हणतो, त्याच्यात आलंच सगळं.

आता यंत्रणेचं ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, खातेदार बोलताय का? पैसे रोख निघालेले, वर दहा आणि पाच दिवस होऊन गेलेले, तक्रारीचा एक नंबर मिळाला. पोलीस स्टेशनला गेले तर इलेक्शनचा बंदोबस्त, २० ला मतदान, २३ ला निकाल, "त्यानंतर या." त्यानंतर गेले. साहेब म्हणाले, "अंगठा कोणाचा? वडिलांचा. हात कोणी धरला? तुम्ही. घरात कोणी घेतलं? तुम्ही. मग मी काय लिहू?" नुसता अर्ज घेतला, शिक्का मारून एक प्रत दिली, एफआयआर नाही. झेरॉक्सवाला म्हणे ओळखतच नाही.

बँकेत तर कहर. बायोमेट्रिक सक्सेसफुल आहे म्हणजे व्यवहार खातेदारानेच केला. तक्रारही खातेदारानेच करायची, मी कोण? मी मुलगी, मग अधिकारपत्र दाखवा. मी ते मुखत्यारपत्र दाखवलं तर मॅनेजर हसले. नोटरीचा शिक्का होता पण रजिस्टर नंबरच नाही, आणि तारीख ऑगस्टची, झटक्याच्या आधीची! मला त्यांनी खोटा कागद बनवणारी ठरवायचंच बाकी ठेवलं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा असं कोणीतरी सुचवलं, तर तिथेही प्रतिनिधी म्हणून तक्रार करायची तर खातेदाराचं लेखी अधिकारपत्र लागतं. बोला! पैसे चोरायला आप्पांचा अंगठा चालतो, तक्रार करायला चालत नाही.

वकिलांना विचारलं. ते म्हणाले मुखत्यारपत्र देणाऱ्याला आपण काय देतोय हे कळायला पाहिजे, आणि दिल्यानंतर त्याचं भान गेलं तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तेही संपतं. कोमातल्या माणसाचा पालक नेमायला आपल्याकडे सरळ कायदाच नाही, हायकोर्टात रिट करतात, आमच्यासाठी म्हणजे संभाजीनगरचं खंडपीठ. फी ऐकून मी चहासुद्धा प्यायले नाही.

आणि आता सगळ्यात संताप आणणारं. आप्पा कोमात नाहीत, त्यांना सगळं कळतं, आणि अशा आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आधीपासून आहे. सही जमत नसेल तर अंगठा, हाताचा नाही तर पायाचा, तोही नाही तर नुसती खूण, दोन त्रयस्थ साक्षीदार, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. ७० च्या वरच्यांना घरपोच सेवा द्या असं २०१७ च्या परिपत्रकातच सांगितलं होतं. हे मला काउंटरवर कोणी सांगितलं नाही, पोस्टात भेटलेल्या एका रिटायर बँकवाल्यांनी सांगितलं. मी प्रिंट काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली तेव्हा डिसेंबरात अधिकारी घरी आला, वीस मिनिटांत एफडीचं काम झालं. वीस मिनिटं! ऑक्टोबरात हे केलं असतं तर तो पोरगा माझ्या घराची पायरी चढला नसता. तुम्हाला "कोर्टाचा कागद आणा" म्हणाले तर लेखी द्या म्हणा, लगेच आवाज खाली येतो.

हयातीचा दाखला त्या पोराने केलाच नव्हता हे वेगळं सांगायला नको. २५ नोव्हेंबरला पोस्टमन घरी आला, ७० रुपये घेतले, पावती दिली. त्याचं मशीन बघून आप्पांनी डावी मूठ आवळली. मी आधी आप्पांचा फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, मेसेज येईल तो दोघं मिळून वाचू म्हटलं, मग लावला अंगठा. एकदाच. एकच मेसेज आला, प्रमाणपत्राचा नंबर, मोठ्याने वाचून दाखवला. मशीन काय बोलतं ते ऐकूच नका, फोन काय बोलतो ते बघा. आणि एकदा "फेल" म्हटलं की दुसऱ्यांदा अंगठा लावण्याआधी पासबुक, मेसेज, बॅलन्स, काय मिळेल ते तपासा.

आधारच्या साइटवर गेल्या सहा महिन्यांत अंगठा कधी कधी वापरला ते दिसतं. सहाच्या सहा नोंदी वेळेसकट काढून अर्जाला जोडल्यात. बँकेत आधारवरून पैसे काढणं बंद करण्याचा अर्जही दिलाय, तो मात्र त्यांनी दोन मिनिटांत घेतला.

परवा आप्पांच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. प्रिय ग्राहक, आपली तक्रार निकाली काढून बंद करण्यात आली आहे, आमच्या सेवेबद्दल समाधानी असल्यास १ पाठवा.