रानलिली ओळखण्यासाठी घडीचं १० पटीचं भिंग: घ्यावं का, कसलं घ्यावं

पावसाळ्यात मसाई पठारावर, आंबा घाटात, राधानगरीच्या सड्यांवर (उघड्या कातळाच्या पठारांवर) फुलणाऱ्या पांढऱ्या फुलांना सरसकट ‘रानलिली’ म्हटलं जातं. त्यांतल्या जाती वेगळ्या करायच्या तर खिशात भिंग हवंच.

तीन काचा जोडलेलं, १० पटीचं भिंग घ्या. महाग पडतं, पण कडेला रंगीत झालर दिसत नाही. सोनारकामाचं, ‘३० पट, २१ मिमी’ छापलेलं स्वस्त भिंग टाळा. खऱ्या ३० पटीला भिंग वस्तूपासून जेमतेम ८ मिमीवर धरावं लागतं, आणि एवढ्या रुंद काचेला ते जमत नाही. दुकानातच आलेख कागदावर धरून पाहा: रेघा ठळक दिसतील ते अंतर मिमीमध्ये मोजा आणि २५० ला त्यानं भागा. २५ मिमी आलं तर १० पट खरं. २० पटीचं घेऊ नका. १२ मिमीवर धरलं की स्वतःचीच सावली फुलावर पडते आणि वाऱ्यात फूल नजरेत टिकत नाही.

भिंग डोळ्याजवळ धरायचं, हात गालाला टेकवायचा आणि गुडघ्यावर बसून फुलाकडे झुकायचं. फूल तोडू नका.

खरी गरज पडते ती मुसळीच्या गटात, म्हणजे क्लोरोफायटममध्ये. कोल्हापूरचं नाव लावणारी क्लोरोफायटम कोल्हापुरेन्स याच गटातली. इथे दोन गोष्टी बघायच्या: फुलाच्या देठावरचा सांधा तळाशी आहे, मध्यावर की वर, आणि पुंकेसराचा तंतू (बारीक दांडी) त्याच्या टोकावरच्या परागकोशापेक्षा (परागांच्या पिशवीपेक्षा) लांब आहे की आखूड. क्लोरोफायटम ट्यूबरोजममध्ये परागकोश तंतूहून बरेच लांब असतात. हे सकाळच्या ताज्या फुलातच बघा. कोमेजलं की तंतू आकसतात आणि ओळख हमखास चुकते. एवढं दिसलं तर निव्वळ नावासाठी कंद उपटण्याचं कारण उरत नाही, आणि आमच्या मते भिंगाची किंमत इथेच वसूल होते.

रानलिलीतलेच दुसरे दोन गट, क्रायनम आणि पॅन्क्रॅशियम, नुसत्या डोळ्यांनी कळतात. पॅन्क्रॅशियमचे तंतू खाली पातळ पडद्यानं जोडलेले असतात, त्याची वाटी दिसते. क्रायनममध्ये तंतू सुटे. मात्र बागेतल्या स्पायडर लिलीलाही अशीच वाटी असते, म्हणून घराशेजारचं झाड रानातलं समजू नका. क्रायनम ब्रॅकिनेमाचे तंतू इतके आखूड की नावच त्यावरून पडलं.

रानकांद्यापुढे भिंगाचं काही चालत नाही. त्याचा फुलांचा दांडा उन्हाळ्यात पानांआधी येतो, पानं पावसाळ्यात. जागा लक्षात ठेवून दोनदा जावं लागतं.

दिवा बसवलेलं भिंग नको, आपल्या पावसात सेल गंजतात. घरी आल्यावर काच कोरडी करून सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा, नाहीतर बुरशी धरते. आणि दोरी लाल किंवा केशरी लावा; हिरवी दोरी गवतात पडली की सापडत नाही.