नवे म्हणून रंगवलेले जुने शॉकअप विकले, घरी बसवणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी वाचा

मंडळी, घरच्या घरी गाडीचं काम करणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय, कारण मला ज्यानं गंडवलं तो नेमका आपल्यासारख्यांनाच गाठतो. गॅरेजवाल्याला असला माल खपत नाही, तो हातात घेतल्याबरोबर ओळखतो आणि परत करतो. आपल्याला विकला तर मात्र "तुम्हालाच बसवता आलं नाही" हे उत्तर त्यांच्याकडे आधीपासून तयार असतं.

माझी स्विफ्ट आहे, पुढचे दोन्ही शॉकअप लीक झाले होते, नाशिकचे रस्ते आणि वर कसारा घाटातून येणंजाणं, त्यामुळे बदलणं टाळता येण्यासारखं नव्हतं. एका शॉपिंग ॲपवरच्या विक्रेत्याकडे नामांकित कंपनीची गॅसवाली जोडी दिसली, फोटोत खोका, होलोग्राम, एमआरपी सगळं व्यवस्थित, किंमत दुकानापेक्षा थोडीच कमी. अगदी निम्म्यात मिळत असते तर कुणालाही संशय आला असता, हे लोक ते बरोबर ओळखून असतात. पार्सल आलं, खोके सीलबंद, आत काळेभोर चकचकीत शॉकअप, वर कंपनीचं स्टिकर.

डाव्या बाजूचं काम आधी घेतलं. गाडी जॅक स्टँडवर, जुना स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग मिळून होणारा भाग) बाहेर काढला, स्प्रिंग कंप्रेसरनं स्प्रिंग आवळून नव्या शॉकअपवर चढवली, माउंटिंग बसवलं आणि वरचा नट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेला जोर लागला की क्लिक करणाऱ्या पान्यानं, आवळायला घेतला. रेंचचा क्लिक येईचना. नट थोडा घट्ट व्हायचा आणि परत सुटल्यासारखा फिरायचा. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय, ती सगळी स्प्रिंग त्या एका नटावर धरलेली असते, आणि कंप्रेसर सोडल्यावर नट निसटला असता तर माउंटिंग सरळ तोंडावर आलं असतं. कंप्रेसर तसाच ठेवून नट उलटा काढला तर रॉडचे आटे आधीच घासलेले, आणि त्यावर रंग मारलेला. पैशांचं राहू द्या, मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे, की असा माल विकणाऱ्याला माहीत असतं की समोरचा माणूस त्या स्प्रिंगसमोर बसून काम करणार आहे.

मग उजवा खोक्यातून काढून नीट बघितला. रॉड पूर्ण आत दाबून सोडला. गॅसवाला शॉकअप असेल तर रॉड हळूहळू, एकसारखा आपोआप वर यायला हवा, हा आत गेला तो तिथेच बसला. फडक्यावर थिनर घेऊन नळी पुसली तर काळा रंग फडक्यावर आला आणि खाली गंज. बुडाजवळ ग्राइंडरनं घासून सपाट केलेला वेल्डिंगचा ठिपका, म्हणजे भोक पाडून आत तेल भरलं आणि भोक बुजवलं. नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग) जिथे दोन बोल्ट बसतात त्या ब्रॅकेटवर वॉशरच्या गोल खुणा, त्याही रंगाखाली. दोन्ही खोक्यांवरचा सिरीयल नंबर तर चक्क एकच होता.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आता त्याची हुशारी बघा, तो म्हणाला, सर आटे घासलेत, ब्रॅकेटवर बोल्टच्या खुणा आहेत, म्हणजे तुम्ही माल वापरलाय, आणि घरी फिटिंग केलंय म्हणून वॉरंटी संपली. म्हणजे माल जुना असल्याच्या ज्या खुणा होत्या त्याच माझ्याविरुद्ध पुरावा! ॲपवर "रिटर्न नाकारले" असं आलं, मग खूप वेळानं निम्म्या पैशांचं कूपन देऊ केलं, मी घेतलं नाही.

उत्तर मी एवढंच धरून ठेवलं की बसवताना पडलेल्या खुणा रंगावर पडतात, रंगाखाली नाही. अर्धी नळी थिनरनं पुसलेली आणि अर्धी तशीच, असे फोटो लावले. शॉकअप ज्या कंपनीचा म्हणून विकला तिला दोन्ही खोक्यांवरचा तो एकच सिरीयल नंबर मेल केला, हा माल आमचा नाही असं त्यांनी लेखी कळवलं. ते पत्र जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकली आणि त्याच वेळी ॲपच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहिलं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्या अधिकाऱ्याला 48 तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाली काढावी लागते, आणि माल सदोष किंवा बनावट असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, "घरी फिटिंग केलं" वगैरे पळवाट तिथे चालत नाही. हे नियम नाव घेऊन लिहिल्यावर समोरची भाषा बदलली. पैसे आले, पूर्ण आले. नसते आले तर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो, 5 लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी लागत नाही आणि वकीलच हवा असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

पण तो विक्रेता बंद झालेला नाही. तेच फोटो, तोच खोका, दुकानाचं नाव दुसरं, मी पुन्हा रिपोर्ट केलंय.

म्हणून कुणाच्या घरी असा खोका येऊन पडला असेल तर गाडी जॅकवर चढवायच्या आधी खोका उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा, मध्ये कट नको, आणि त्याच व्हिडिओत रॉड दाबून दाखवा, आटे जवळून दाखवा, ब्रॅकेटची भोकं दाखवा, डाव्या-उजव्याचे सिरीयल नंबर शेजारी धरून दाखवा. थिनर लावायचा तर आधीचा फोटो घेऊनच लावा. जुने शॉकअप लगेच भंगारात देऊ नका, नव्याचं काही निघालं तर तेच परत लावून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते, मी तसंच केलं. आणि नट आटे धरत नसेल तर कंप्रेसरला हात लावू नका, स्प्रिंग आवळलेलीच राहू द्या आणि नट आधी काढा.