नाना पेठेतले बॅटरीवाले दादा आणि गाडीचा सीटबेल्ट

गाडीत एअरबॅगचा दिवा सारखा लागून राहत होता, ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट सोडला की अर्ध्यात अडकून लोंबत राहायचा आणि सकाळी स्टार्टर कण्हायचा. एका वर्कशॉपने तर मीटरसुद्धा न लावता एअरबॅगचं अख्खं मॉड्यूल बदला म्हणून कोटेशन हातात दिलं. मग शेजारच्या काकांनी पुण्याच्या नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला, स्पेअर पार्टवाल्यांच्या गल्लीतलं छोटंसं दुकान आहे.

दादांनी आधी बॅटरीला मल्टिमीटर लावला. गाडी बंद असताना ११.९ व्होल्ट, म्हणजे बरीच उतरलेली, कारण फुल्ल असली की १२.६ च्या आसपास दाखवते. चालू केल्यावर १४.२, म्हणजे अल्टरनेटर ठीक. स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला तोपण लो व्होल्टेजचाच! नवी बॅटरी टाकली, कोड उडवला, दिवा गेला तो गेलाच.

पण मला खरा विश्वास बसला तो पुढच्या कामावर. बेल्टला हात लावायच्या आधी त्यांनी निगेटिव्ह टर्मिनल काढलं आणि काही मिनिटं नुसते थांबले, दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी. कारण असं की बेल्टच्या प्रीटेन्शनरमध्ये बारीक स्फोटक असतं, धडक झाली की क्षणात ते पेटतं आणि बेल्ट अंगाला आवळतो, आणि धडकेत बॅटरीची वायरच तुटली तरी हे व्हायला पाहिजे म्हणून एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो, तो थोडी वीज धरून ठेवतो. ती उतरायच्या आत प्रीटेन्शनरच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही म्हणाले. नवा बेल्ट त्यांनी गळ्यात मारला नाही, बेल्ट पूर्ण बाहेर ओढून कोमट साबणाच्या पाण्याने पुसला, वरच्या कडीत जमलेला मळ काढला, सावलीत सुकवला आणि मगच आत सोडला, तेल अजिबात नाही. आता सुर्रकन आत जातो.

एकजण ठोकलेल्या गाडीतला जुना बेल्ट बसवून द्या म्हणत होता, त्याला स्पष्ट नाही सांगितलं, एकदा उडालेला प्रीटेन्शनर परत चालत नाही. बेल्ट न लावताच बीप बंद करायची क्लिप पण विकत नाहीत. अपघातांसाठी कुप्रसिद्ध नवले पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला याची किंमत कळेल.

खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा हा तीन पॉइंटचा बेल्ट १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिनने आणला, आधी तो साब कंपनीत विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचा, आणि व्होल्वोने ते पेटंट सगळ्या कंपन्यांना वापरू दिलं, मला ही फार मोठी गोष्ट वाटते. पुढे अमेरिकेत मोटरवर सरकत आपोआप खांद्यावर येणारे बेल्टही निघाले, १९८१ च्या टोयोटा क्रेसिडात होते, पण कमरेचा पट्टा हातानेच लावावा लागायचा आणि लोक तोच विसरायचे. एअरबॅग आल्यावर ते मागे पडले.

भावाची ईव्ही आहे म्हणून तिचंही विचारलं. तिच्यातही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असतेच आणि एअरबॅग, बेल्ट तिच्यावरच चालतात, ती तपासून देतो म्हणाले. बऱ्याच ईव्हीत धडकेच्या सिग्नलवर पायरो फ्यूज (बारीक स्फोटाने तुटणारा फ्यूज) उडून मोठ्या बॅटरीची लाइन तुटते, पण त्या लाइनच्या नारिंगी केबलचं काम मी करत नाही, कंपनीकडेच न्या, असं सरळ सांगितलं.

बॅटरीचे पाच हजारांच्या आसपास गेले, वॉरंटी कार्डावर तारीख घालून दिली, जुनी बॅटरी घेऊन तिचे पैसे बिलातून वजा केले. मजुरी वाजवी. पार्किंगचे मात्र भयंकर हाल आहेत, संध्याकाळी तर जाऊच नका, सकाळी दुकान उघडताना गेलात तर गाडी दारात लावता येते.