वाडीतल्या पोरापोरींसाठी राजकारणाचं शिबिर, महाड : माझा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर महाडला झालेल्या दोन दिवसांच्या निवासी शिबिराबद्दल लिहिते आहे. विषय होता गावपातळीवरचं राजकारण. बोलावलं होतं बौद्धवाडी, कुणबीवाडी, कोळीवाडा, कातकरवाडी, मोहल्ला अशा वस्त्यांमधल्या तरुण मुलामुलींना, म्हणजे निवडणूक आली की ज्यांच्या हातात झेंडे देतात आणि यादी ठरवताना ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना. फी ६०० रुपये, राहणं-जेवण त्यातच. चालवणारे दोन वकील, एक निवृत्त ग्रामसेवक आणि एका गावच्या माजी सरपंच ताई. मी दापोली तालुक्यातल्या बौद्धवाडीतली, हर्णैला बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघते.

आधीच सांगते, जा. पैसे आणि रजा दोन्ही वसूल होतात. पण पक्षाच्या राजकारणाचा भाग तिथे अर्धवट राहतो, आणि आपल्याला खरी गरज त्याचीच आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

सोय चांगली होती. मुलींची झोपायची खोली वेगळी, आतून कडी लागणारी, आणि सरपंच ताई आमच्यातच झोपायला. हे लिहायलाच हवं, कारण घरून परवानगी मिळवताना पहिला प्रश्न हाच येतो. जेवणाला वालाचं बिरडं, भाकरी, भात. दुपारी उकाडा जीव घेत होता आणि वीज जात-येत होती, त्याला इलाज नाही.

पहिल्या दिवशी सकाळी भाषण वगैरे काही झालं नाही. ग्रामसेवक भाऊंनी प्रत्येकाच्या हातात एका ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाची झेरॉक्स दिली आणि म्हणाले, "यात तुमच्या वाडीचे पैसे शोधा." अर्धा तास कुणाला काही सापडेना. मग त्यांनी पेन्सिलीने एकेक ओळ दाखवली. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या (मुदत मार्च २०२६ पर्यंत) पैशात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा, आणि ४० टक्के अबंधित. आमच्या वाडीच्या पाखाडीचं, म्हणजे पायवाटेचं काम मी लहान असल्यापासून "निधी नाही" म्हणून अडलेलं ऐकते आहे. आता निधी नाही म्हणणाऱ्याला कुठला निधी नाही, बंधित की अबंधित, एवढं तरी मी विचारू शकते. माझ्या शेजारी बसलेला गुहागरकडचा कुणबी मुलगा त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ नुसता बघत होता. त्याचे वडील एक टर्म सदस्य होते आणि त्यांनीही हे कागद घरी कधी आणले नव्हते.

कागदपत्रांचं सत्र लांबलं, पण ते लांबायलाच हवं होतं. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातपडताळणी लागते, आणि कोकणातली पोरं अडतात ती इथेच. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. आपले आजे-पणजे गिरणीत नाहीतर गोदीत. त्यांचे कागद मुंबईच्या खोलीसोबत गेले. वकील ताईंनी सांगितलं की गावच्या जिल्हा परिषद शाळेचं जुनं रजिस्टर बघा, मुख्याध्यापकांकडे प्रवेश-निर्गम उतारा मागा, आजोबांचा नाही मिळाला तर चुलत आजोबांचा चालतो का ते वंशावळ मांडून बघा. आणि निवडणूक लागायची वाट बघत बसू नका, आजपासून सुरुवात करा. ऐन वेळी घाईने गोळा केलेल्या कागदांवरच माणसं निवडून आल्यावर घरी बसतात, असं त्या दोनदा म्हणाल्या.

इथेच एक प्रसंग घडला. पोलादपूरकडची एक कातकरी मुलगी आली होती, बावीस वर्षांची, बोलण्यात आमच्या सगळ्यांपेक्षा धीट. आईबाप दरवर्षी वीटभट्टीवर जायचे, त्यामुळे शाळा पाचवीत सुटलेली. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असण्याची अट आहे. तिच्या वाडीची जागा अनुसूचित जमातीसाठी सुटते, लोक तिच्या मागे आहेत, आणि तिला उभं राहता येत नाही. वकील ताईंनी तिला गोड बोलून वेळ मारून नेली नाही, अट स्पष्ट सांगितली. मग मुक्त विद्यालय मंडळातून आठवीची परीक्षा थेट देता येते हे सांगून दुपारच्या सुट्टीत तिच्यासोबत मोबाईलवर माहिती काढत बसल्या. मला अजून राग येतो तो त्या अटीचा. ज्यांच्या शाळा सरकारला टिकवता आल्या नाहीत, त्यांनाच पंचायतीच्या दारात दाखला विचारायचा हा अन्याय आहे.

संध्याकाळी चवदार तळ्यावर नेलं. मी लहानपणापासून २० मार्चला तिथे गेलेली आहे. गर्दी, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, सगळं ओळखीचं. गर्दी नसताना पायऱ्यांवर बसून ऐकलेला इतिहास मात्र वेगळा लागला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा रावबहादूर सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी १९२७ पर्यंत आपल्या माणसाला तिथे पाणी पिता आलं नाही. बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागेही घेतला. पुढे कोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ग्रामसेवक भाऊ एवढं सांगून थांबले आणि पिशवीतून ग्रामसभेचं इतिवृत्त काढलं. ग्रामसभेत पहिला विषय कायम तोच असतो, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. सगळे "कायम, कायम" म्हणून मोकळे होतात. तिथे उठून मागच्या ठरावाचं काय झालं ते विचारायचं, उत्तर लिहून घ्यायला लावायचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना वाडीतून किमान पाच जण बरोबर न्यायचे. एकट्या माणसाला गप्प बसवणं सोपं असतं.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले गेले होते. सैन्यातून निवृत्त झालेला दलित माणूस बोर्डात बसतो म्हणून तेव्हा सवर्ण सभासदांनी विरोध केला. हे मला आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. स्थानिक सत्तेत आपण नव्याने हात पसरून उभे नाही आहोत, सव्वाशे वर्षांहून जुना हक्क आहे आपला.

दुसऱ्या दिवसाचं सर्वात चांगलं सत्र होतं उमेदवार ठरवण्याच्या बैठकीचं. आम्हालाच पात्रं वाटून दिली. एक गावचा पुढारी, एक मुंबई मंडळाचा, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी, दोन पक्षांची माणसं, गावकीचे मानकरी, आणि आम्ही तिघी इच्छुक. बैठक आठला, असं आम्हाला सांगितलं. आम्ही तयारी करून आठला बसलो, तर नावं आधीच ठरलेली! पुढाऱ्याच्या पात्राला सरपंच ताईंनी बाजूला नेऊन सांगून ठेवलं होतं की सहा वाजताच पडवीत चहा पिताना सगळं मिटवून टाक. खोलीत कुणी हसलं नाही. सगळ्यांनी हे आपापल्या गावात पाहिलेलं होतं. ताई म्हणाल्या, "आठच्या बैठकीला जाऊच नका असं नाही. पण सहाच्या पडवीत बसायला काय लागतं ते आधी कमवा."

ते कमवायचं साधन म्हणजे वही. वाडीची मतदार यादी घ्यायची आणि प्रत्येक नावापुढे लिहायचं : गावात, मुंबईत, लग्न होऊन गेली, मयत, नाव आहे पण माणूस माहीत नाही. मुंबईवाल्यांपैकी मतदानाला कोण खरंच येतो, कोण फक्त गणपती-शिमग्याला. अठरा पूर्ण झालेल्यांची नावं घालायला आता वर्षातून चार तारखा मिळतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्यामुळे बारावीला बसलेल्या पोरांची यादी वेगळी. मी परत आल्यावर आमच्या वाडीची अशी वही केली. दोन संध्याकाळी आई आणि तिच्या बचत गटातल्या बायका अंगणात बसून नावं सांगत होत्या. कोण कुठल्या चाळीतून विरारला गेलं आणि कुणाच्या सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे, हे पक्षाच्या कुठल्याही बूथप्रमुखाला त्या बायकांइतकं माहीत नसेल.

आता कमी काय पडलं ते.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, म्हणून शिबिर पक्षांपासून अंग चोरून होतं. सगळ्यांना चालेल असं वातावरण ठेवायचं, हा हेतू मला समजतो. पण पंचायत समितीचा गण आणि जिल्हा परिषदेचा गट, म्हणजे तिथले मतदारसंघ, पक्षाच्याच तिकिटावर लढले जातात. रस्ता, शाळा, दवाखाना यांचे मोठे पैसे तिथून येतात. शाखाप्रमुख कोण नेमतो, तालुका कार्यकारिणीत नाव कसं जातं, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीचं पत्र, शेवटच्या दिवशी कुणाच्या खिशात असतो, पक्षाची सभासद नोंदणी केली तर पावती मागावी की नाही, यातलं काहीच शिकवलं नाही. एका पक्षाचे पदाधिकारी पाऊण तास बोलून गेले, त्यातला निम्मा वेळ "तरुणांनी पुढे यावं" यात गेला. पुढे कुठे यावं हे विचारायला हात वर केले होते, पण त्यांना दुसरा कार्यक्रम होता.

हा भाग महत्त्वाचा का, ते आकड्यात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या साधारण ४ टक्के. म्हणजे आमच्यासाठी राखीव जागा मोजक्या, त्याही फिरत फिरत येणार. आणि आली की पक्षाला ऐनवेळी आठवण होते ती गप्प राहणाऱ्या माणसाची. माझ्या ओळखीच्या एका मुलाने एका पक्षासाठी दोन निवडणुकांत दारोदार चिठ्ठ्या वाटल्या, रात्री बॅनर बांधले. जागा सुटल्यावर ज्याने कधी सभेत तोंड उघडलं नाही अशा दुसऱ्याच घरातल्या माणसाला फॉर्म मिळाला. आरक्षणाची वाट बघत बसलो तर आमची पिढी उलटून जाईल. खुल्या जागेवर बौद्धवाडीतली मुलगी, कोळीवाड्यातला मुलगा उभा करायला पक्षाला भाग पाडायचं असेल तर आत शिरून कमिटीत बसावं लागेल, आणि वाड्यांनी एकमेकांची मतं धरून चालावं लागेल. हे कोकणात झालेलं आहे. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष १९३६ मध्ये निघाला, १९३७ मध्ये त्यांनी खोती, म्हणजे कोकणातली खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचं विधेयक आणलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने गेले. त्यात महारही होते, कुणबीही होते. पक्ष, वाड्यांची एकजूट आणि कायदा, तिन्ही एका जागी. शिबिरात चवदार तळ्याला दोन तास दिले, ते योग्यच. पण या मोर्चाला दहा मिनिटं तरी द्यायला हवी होती, कारण समोर कुणबी आणि बौद्ध पोरं शेजारी-शेजारी बसलेली होती आणि गावाला परतल्यावर त्यांची पाण्याची टाकी वेगळीच आहे.

मोहल्ल्यांमधून फक्त दोघी आल्या होत्या, तेही कमी. सोशल मीडियाच्या सत्राला मात्र गरजेपेक्षा जास्त वेळ गेला. रील कशी करायची ते आमच्या पोरांना कुणी शिकवायला नको.

शिबिरानंतरची सेवा चांगली आहे. व्हॉट्सॅप ग्रुपवर कागद टाकला की वकील ताई एक-दोन दिवसांत तपासून देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. माझ्या पडताळणीच्या अर्जात वंशावळीत एक पिढी सुटली होती, ती त्यांनीच पकडली. मुंबई मंडळाशी कसं बोलायचं हेही त्यांनीच फोनवर सांगितलं. उमेदवारीचं पत्र मंडळ देत नाही, फॉर्म तुझा आणि सूचकाचा असतो, पण सेक्रेटरीला बातमी दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस, आधी तूच फोन कर. मी केला. ते म्हणाले, "बघू, सभेत विषय घेतो." आजवर आमच्या मंडळाच्या सभेत वाडीतल्या मुलीच्या नावाचा विषय आलेला नाही, त्यामुळे मी त्या सभेला मुंबईला जाणार आहे.

पुढचं शिबिर दिवाळीनंतर, बहुधा खेडला. जाणाऱ्यांनी आपल्या ग्रामपंचायतीचं चालू वर्षाचं अंदाजपत्रक मागून घेऊन जावं, दुसऱ्या गावच्या झेरॉक्सपेक्षा आपल्या गावच्या आकड्यावर शिकलेलं कामाला येतं. ग्रामसेवकाने टाळाटाळ केली तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मतदार यादी छापील न्या. आणि आयोजकांना माझी विनंती आहे की पक्षांवर एक पूर्ण दिवस ठेवा, सगळ्या पक्षांच्या तालुकाप्रमुखांना एकाच वेळी समोर बसवा, आणि वाड्यांमधल्या किती तरुणांना कार्यकारिणीत घेतलंय ते त्यांच्या तोंडून आमच्यासमोर ऐकवा. फी ८०० केलीत तरी मी येईन, आणि आमच्या वाडीतून आणखी तिघींना घेऊन येईन.