स्टेलॅरियम, केस्टार्स टाकताना: डेब, फ्लॅटपॅक की ॲपइमेज?

लिनक्सच्या लॅपटॉपवर स्टेलॅरियम किंवा केस्टार्स हे आकाश दाखवणारे प्रोग्रॅम टाकायचं ठरलं की पहिली चौकशी होते ती ‘सगळ्यात नवी आवृत्ती कुठे मिळेल?’ याची. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवावी: या लॅपटॉपमधून दुर्बिणीकडे वायर जाणार आहे का?

जाणार नसेल, नुसतं आकाश बघायचं असेल, तर सरळ फ्लॅटपॅक (कुठल्याही लिनक्सवर चालणारं, स्वतःच्या कप्प्यात बसणारं पॅकेज) घ्या. डेब म्हणजे डेबियन, उबुंटू या लिनक्सचं स्वतःचं पॅकेज; पण डेबियनच्या स्थिर शाखेत आवृत्ती गोठलेली असते आणि पुढचं डेबियन यायला साधारण दोन वर्षं लागतात. स्टेलॅरियम १.० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. पण ऑगस्ट २०२१ च्या डेबियन ११ मध्ये मुळातून मिळायची ती शून्यानं सुरू होणारी जुनीच आवृत्ती. फ्लॅटहबवर (फ्लॅटपॅकच्या भांडारावर) हा फरक पडत नाही, डेबियन असो की फेडोरा, आवृत्ती तीच. पहिल्या वेळी प्रोग्रॅमबरोबर रनटाइमही (तो चालायला लागणारा सामायिक भाग) उतरतो, त्यामुळे डाउनलोड जड होतं. मोबाइल डेटावर करत असाल तर जपून.

एक बारीक खोच आहे. डेबवालं स्टेलॅरियम आपला संसार होम फोल्डरमध्ये मांडतं, फ्लॅटपॅकवालं स्वतःच्या कप्प्यात. मूळ प्रोग्रॅमबरोबर सहा लाखांहून थोडे जास्त तारे येतात, अंधूक ताऱ्यांच्या मोठ्या याद्या वेगळ्या उतरवाव्या लागतात. डेबवरून फ्लॅटपॅकवर गेलात की त्या याद्या, तुमची ठिकाणं, सेटिंग, सगळं ‘हरवतं’. हरवत काही नाही, जुना फोल्डर हातानं कॉपी करावा लागतो.

वायर जाणार असेल तर मात्र मी डेबच घेईन. माउंट (दुर्बीण फिरवणारा आधार) किंवा कॅमेरा यूएसबीला लावला की त्याला हात लावायची परवानगी कुणाला, हे यूडेव्हचे (लिनक्समध्ये उपकरणं सांभाळणाऱ्या भागाचे) नियम ठरवतात. ते नियम मूळ सिस्टिमवर बसवायचं काम फ्लॅटपॅक करू शकत नाही; डेब पॅकेज करतं. उबुंटूवर इंडी या दुर्बिणीच्या उपकरणांचे ड्रायव्हर बनवणाऱ्या प्रकल्पाचा पीपीए (वेगळं पॅकेज-भांडार) जोडला की ड्रायव्हर आणि केस्टार्स एका हातानंच येतात. (त्यातल्या केस्टार्सच्या पॅकेजच्या नावात ‘ब्लीडिंग’ आहे, पण घाबरू नका, म्हणजे अगदी ताजं.) मात्र उबुंटूचा पीपीए डेबियनवर जोडायच्या फंदात पडू नका. आणि माउंट सीरियलवर बोलत असेल तर स्वतःला ‘डायलआउट’ गटात (सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) घालायला विसरू नका. निम्म्या वेळा घोडं तिथेच अडतं.

माउंटशेजारी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवून इंडी सर्व्हर त्यावरच चालवत असाल तर गणित पालटतं. वायर पायला, लॅपटॉप नेटवर्कवरून ७६२४ पोर्टला. मग केस्टार्स फ्लॅटपॅकचं असलं तरी काही बिघडत नाही.

ॲपइमेज म्हणजे एकच फाइल: पेनड्राइव्हवर घ्या, चालवायची परवानगी द्या, झालं. नवी आवृत्ती चाखून बघायला उत्तम, पण पुढची आपणच जाऊन आणायची. उबुंटू २२.०४ पासून तिला लागणारी लिबफ्यूज २ ही लायब्ररी आपोआप बसलेली नसते. वांगणीला आकाशदर्शनाला निघायच्या आदल्या दिवशी घरी, नेट असताना, एकदा उघडून बघा.